खुणेचा गोटा : एका मामा तलावाचं संशोधन-प्रकरण

पहिल्या सादरीकरणात माझ्या पीएच.डी.च्या विद्यार्थिनीने मांडलेला विषय खरं तर माझा होता, हे आधीच सांगून टाकतो. ‘पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलावांची मालकी : एक वैधानिक अभ्यास’. तलाव पाहिला की कायद्याच्या मास्तराला सातबारा आठवतो. विद्यार्थिनी एलएलएम करून आलेली, भंडारा जिल्ह्यातलीच, घरी धानाची शेती. मी विषय सुचवला, तिने वहीत लिहून घेतला आणि दोन वर्षांनी तो पुसून टाकला. मधल्या काळात काय काय घडलं, ते इथे मांडतो आहे. कायदा आणि शासनव्यवहार या आंतरविद्याशाखीय संशोधन कार्यक्रमात येणाऱ्या नव्या मुलांना आम्ही आता हेच प्रकरण आधी वाचायला देतो. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम टाळलं आहे. गावाने तशी अट घातली होती.

कार्यक्रमाची रचना थोडक्यात सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांप्रमाणे किमान १२ श्रेयांकांचं कोर्सवर्क, दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण, जास्तीत जास्त सहा वर्षं. विषय दोन शाखांत पाय रोवून असेल तर दुसऱ्या शाखेचा सहमार्गदर्शक घेता येतो. आमच्याकडे तो घ्यावाच लागतो. इथे मी कायद्याचा आणि सहमार्गदर्शक भूगोलाचे. आम्ही दोघं एकाच मजल्यावर बसतो, चहा एकत्र घेतो. पण एकमेकांचा शोधनिबंध शेवटपर्यंत वाचल्याचं मला तरी आठवत नाही. कोर्सवर्क संपल्यावर ही मुलगी म्हणाली, “सर, चार पेपर झाले. चौघांनीही डेटा म्हणजे काय ते शिकवलं. चौघांचं वेगळं निघालं.” मी हसण्यावारी नेलं.

तलाव

विदर्भाबाहेरचा माणूस ‘मामा तलाव’ ऐकून हमखास विचारतो, कोणाचा मामा? माजी मालगुजारीतला मा आणि मा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे हजारो लहान-मोठे तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात ते बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. पुढे मध्य प्रांतात मालगुजारी आली, गावाबरोबर तलावही मालगुजाराच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या मालकाच्या, नावे लागला. १९५० च्या मध्यप्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. विदर्भ तेव्हा मध्यप्रदेशातच होता. आज शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत, त्याहून मोठे राज्याच्या खात्यांकडे. मालकीचा प्रश्न इथेच संपतो. प्रबंध कसला, अर्ध्या पानाचं टिपण झालं असतं. हे मला विषय देताना कळायला हवं होतं.

आमचं गाव दोन-अडीचशे उंबऱ्यांचं. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, खालच्या अंगाला धानाच्या बांध्या, वरच्या अंगाला, जिथून पाणी तलावात उतरतं तिकडे, ढिवरटोली, म्हणजे मासेमारी करणाऱ्या ढिवरांची वस्ती. पाळीवर मोहाची आणि जांभळाची जुनी झाडं. एका टोकाला सलंग, जिथून जादा पाणी निघून जातं. मधोमध तुडुंब, म्हणजे पाणी सोडायचं दार. तुडुंबाच्या बाजूला, तलावाच्या आतल्या उतारावर, एक काळा गोटा पुरलेला आहे. त्यावर आडवी खाच. गावात लहान पोरालाही माहीत असलेला नियम असा : गोटा दिसला की तुडुंब बंद.

तंटा

ऑक्टोबरात पाऊस दगा देऊन गेला. धान पोटरीवर होता, एक पाणी मिळालं नाही तर लोंबी पोचट राहणार. तुडुंब उघडलं. शेपटाकडच्या बांध्यांना पाणी पोचायच्या आधीच गोटा उघडा पडला. बंद करायला हवं होतं, केलं नाही. चार रात्री पाणी चालू राहिलं. धान वाचला. उरलेल्या पाण्यावर काहींनी मोटारी टाकून उन्हाळी धानही लावला. मार्च सरता सरता तलावात चिखल राहिला आणि ढिवरांच्या सोसायटीने सोडलेलं रोहू-कटल्याचं बीज त्या चिखलात मेलं. ठेक्याचे पैसे भरलेले होते.

सोसायटीने तीन ठिकाणी अर्ज केले. तिन्ही उत्तरं आमच्या विद्यार्थिनीने एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवली होती, आणि मी ती वर्गात अनेकदा वाचून दाखवली आहेत. एका कार्यालयाने कळवलं, तलावाचं सिंचन आमच्याकडे आहे, मत्स्यव्यवसाय नाही. दुसऱ्याने कळवलं, मत्स्यव्यवसाय आमच्याकडे आहे, पाण्याच्या पातळीचं नियोजन नाही. तिसऱ्याने कळवलं, जमीन शासनाची आहे, सबब संबंधित विभागाकडे दाद मागावी. तिन्ही उत्तरं कायद्याने बरोबर होती. मी त्यात चूक शोधायचा प्रयत्न केला, सापडली नाही.

मालकीची प्रश्नावली घेऊन ती पहिल्यांदा गावात गेली. पाण्याची वाटणी पाहणारा म्हातारा पाणकर पाळीवर बसला होता. तिने विचारलं, तलाव कोणाचा? तो म्हणाला, “मॅडमजी, तलाव कोनाचा हे काहून इचारता जी? तुडुंब कोन उघडते, थे इचारा ना.”

तिने ते वाक्य क्षेत्रनोंदीत जसंच्या तसं उतरवून घेतलं, खाली ‘प्रश्न टाळला’ असा शेरा मारला आणि प्रश्नावली पुढे भरली. तो शेरा मी तिला खोडू दिला नाही. तो मूळ वहीत अजून आहे.

कागद

वर्गात सगळ्यांनी आपापली औषधं सुचवली. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातून आलेला तिचा एक सहाध्यायी म्हणाला, ग्रामसभेने सरळ सामूहिक हक्काचा दावा टाकावा. तो मेंढा (लेखा) गावाच्या शेजारचा. २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, बांबू ग्रामसभेने विकला, हे बघत मोठा झालेला. त्याला प्रत्येक कुलपाची तीच किल्ली वाटते. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये पाणवठ्यातल्या मासळीचा हक्क खरोखरच आहे, पण तो वनजमिनीवर. हा तलाव वनजमिनीवर नाही. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा, म्हणावं तर अनुसूचित क्षेत्रातल्या गौण जलसाठ्यांचं नियोजन पंचायतींकडे देणारी तरतूद त्यात आहे, पण भंडारा-गोंदिया अनुसूचित क्षेत्रात येत नाही. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत, पंचायतींकडे द्यायच्या विषयांच्या यादीत, लघुसिंचन तिसऱ्या क्रमांकावर आणि मत्स्यव्यवसाय पाचव्या क्रमांकावर आहे. मध्ये दोन ओळींचं अंतर आणि प्रत्यक्षात दोन इमारतींचं. मी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तिच्यापुढे ठेवला. गावाच्या सामायिक जमिनींवरची, तळ्यांवरची अतिक्रमणं हटवण्याबद्दलचा तो महत्त्वाचा निकाल आहे. तिने वाचला आणि म्हणाली, “सर, इथे अतिक्रमण कोणी केलंच नाही. हक्कदारानेच हक्काचं पाणी जास्त घेतलं.”

मग ती अभिलेख कक्षात गेली. तिथे काय वाट्याला येतं हे ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. लाल कापडाचे बस्ते, त्यावर फिकट झालेले मौज्याचे नंबर, कसर लागलेले काठ, आणि ‘उद्या या’. आठवडाभर ‘उद्या’ झाल्यावर तिथल्या एका शिपायाने तिला स्वतः बस्ता काढून दिला. त्यात जुन्या बंदोबस्ताच्या, म्हणजे जमिनीचा सारा ठरवण्याच्या, वेळचा वाजिब-उल-अर्ज होता. हाताने लिहिलेला, अर्धी मराठी, अर्धी हिंदी. गावातल्या वहिवाटींची नोंद : कुठून गाडीवाट, कोणत्या झऱ्याचं पाणी कोणाला. तलावाबद्दल दोन वाक्यं होती. पहिल्या वाक्याचा आशय : खुणेचा दगड उघडा पडल्यावर तुडुंबाचं पाणी शेताला घेऊ नये, ते गुराढोरांसाठी व गावच्या निस्तारासाठी (रोजच्या गरजांसाठी) राखावं. दुसऱ्या वाक्याचा आशय : तलावाचं पाणी घेणाऱ्याने उन्हाळ्यात आपल्या धाऱ्याच्या (शेतसाऱ्याच्या) प्रमाणात तुडुंबापुढची माती काढून पाळीवर अगर आपल्या बांधीत टाकावी.

तिने मला फोटो पाठवला तेव्हा रात्रीचे दहा वाजले असतील. मी पहिलं वाक्य वाचलं आणि तिला तिथल्या तिथे फोन लावला. म्हटलं, जमीन महसूल संहिता १९६६, कलम १६५, वाजिब-उल-अर्ज. सिंचनाच्या आणि मासेमारीच्या वहिवाटी नोंदवायचं कलमच आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, जुनी नोंद नव्यात घ्या, झालं काम. त्या रात्री मला झोप चांगली लागली.

दुसऱ्या दिवशी ती संहिता घेऊनच आली आणि कलमाच्या पहिल्या पोटकलमाची शेवटची ओळ बोटाने दाखवली. या वहिवाटी नोंदवायच्या त्या अशा जमिनीतल्या किंवा पाण्यातल्या, ज्या राज्य शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या, ताब्यातल्या किंवा व्यवस्थापनाखालच्या नाहीत. तलाव मालगुजाराचा होता तोवर या वाक्याला कागदावर जागा होती. १९५१ ला तलाव सरकारचा झाला आणि या संहितेत गावाची वहिवाट नोंदण्याची जागाच राहिली नाही. सरकारी तलावात वहिवाट कशाला, नियम आहेत ना, असं कायदा लिहिणाऱ्याला वाटलं असेल.

पंचवीस वर्षं हे कलम शिकवतो आहे. शेवटची ओळ दरवेळी फळ्यावर लिहायचा कंटाळा करत आलो.

डोंगा

इथून पुढचं श्रेय सहमार्गदर्शकांचं. त्यांनी दस्तऐवज वाचून मला न सुचलेला प्रश्न विचारला : “गोट्याच्या खाली आज पाणी किती आहे?” मी म्हटलं, गोट्याची पातळी ठरलेली आहे, तेवढंच असणार. ते माझ्याकडे, एखाद्या मुलाने पृथ्वी सपाट म्हटल्यावर बघावं तसे बघत राहिले.

मोजणी जानेवारीत केली. उपकरण म्हणजे एक डोंगा, दोन बांबू आणि रंगाचा डबा. बांबूवर हातहात अंतरावर पांढरे पट्टे ओढले. डोंगा वल्हवायला सोसायटीतला एक मध्यमवयीन ढिवर. विद्यार्थिनी मधे बसून वहीत लिहिणार, भूगोलाचा एक मुलगा पुढच्या टोकाला बांबू धरून. पाळीपासून सरळ रेषेत आत जायचं, ठरावीक अंतरावर थांबायचं, बांबू सोडायचा. पहिला आकडा बांबू चिखलाला टेकेपर्यंतचा. मग अंग टाकून बांबू दाबायचा, कडक लागेपर्यंत. तो दुसरा आकडा. दोहोंमधला फरक म्हणजे गाळ.

पहिल्या तीन ठिकाणी त्या मुलाने दाबलं आणि ‘कडक लागलं’ म्हणून आकडा सांगितला. चौथ्या ठिकाणी डोंगावाल्याला राहवलं नाही. “भाऊ, थे कडक नोहे. थे वाळल्या गाळाचा पापुद्रा होय. आनखी दाबा.” त्याने स्वतः बांबू घेतला, जरा फिरवला, आणि तो आणखी दोन पट्टे खाली गेला. खरा तळ लागला की बांबूचा आवाज बदलतो, हाताला ठक्क कळते, असं त्याने सांगितलं. मागे फिरून पहिली तिन्ही ठिकाणं पुन्हा मोजली. प्रबंधाच्या कार्यपद्धतीच्या प्रकरणात याला ‘क्षेत्रीय प्रमाणीकरण’ म्हटलं आहे. माझं म्हणणं होतं की ‘ठक्क’ हाच शब्द ठेवावा. समितीने ऐकलं नाही.

दोन दिवसांत चित्र स्पष्ट झालं. तुडुंबापुढे, गोट्याच्या पातळीखाली, जुने ढिवर ‘दीड पुरसा’ पाणी सांगत. उभ्या माणसाने हात वर केल्यावर एक पुरसा होतो. बांबूने खरा तळ साधारण तेवढाच खोल दाखवला. पण पाणी कमरेएवढंच होतं. बाकी सगळा गाळ. गोटा होता तिथेच होता, नियमही तोच होता. शेतकऱ्यांनी गोटा पाहून वेळीच तुडुंब बंद केलं असतं तरी उन्हाळ्यात मासे जगायला पाणी उरलं नसतं. तंट्यात दोन्ही बाजू ज्या नियमावर हात ठेवून बोलत होत्या, त्याच्या खालचा तळच वर आला होता.

आणि दुसरी गोष्ट त्या डोंगावाल्यानेच सांगितली, तीही प्रश्नावलीत नव्हती. आजचं तुडुंब लोखंडी गेटचं आहे, वर फिरवायचं चाक. जुनं तुडुंब दगडी होतं. एकाखाली एक भोकं, प्रत्येकात लाकडी खुंटा. पाणी उतरत जाईल तसा खालचा खुंटा काढायचा. वरचे खुंटे पाळीवरून हात घालून निघत. सगळ्यात खालच्या खुंट्यासाठी मात्र पाण्यात बुडी मारावी लागे, आणि बुडी मारणारे ढिवरच. “आमचा बाबा म्हने, शेवटचा खुंटा आमच्या हाती. पाटलाले बी पान खाऊ घालून बोलवा लागे.” दुरुस्तीत दगडी तुडुंब गेलं, गेट आलं, चाकाचं हँडल शेतकऱ्यांच्या घरी राहू लागलं. इंजिनीअरने गळती थांबवली, ते कामच होतं त्याचं. ढिवरांना विचारल्याशिवाय शेवटचं पाणी सुटत नसे, ही गोष्ट कुठल्याही कागदावर नव्हती, त्यामुळे ती मोडल्याची नोंदही कुठे झाली नाही.

गावाचा नियम तीन ठिकाणी विभागून राहत होता : बस्त्यातल्या दोन ओळींत, लाकडाच्या खुंट्यात आणि गाळ उपसण्याच्या घामात. मी फक्त कागद बघत होतो. भूगोलवाले एकटे गेले असते तर त्यांनी गाळाचा सुंदर नकाशा करून आणला असता आणि तो गाळ कोणी काढायचा होता हे त्यांना कधी कळलं नसतं. समाजशास्त्राच्या मुलाखतींत खुंट्याची गोष्ट ‘आठवणी’ या मथळ्याखाली गेली असती.

ढिवरटोलीतल्या बायकांचा भाग प्रबंधात स्वतंत्र प्रकरण म्हणून आहे, इथे ओझरताच घेतो. सोसायटीच्या सभासद यादीत त्या नाहीत. ठेका रोहू-कटल्याचा, त्या काठच्या उथळ पाण्यातले झिंगे आणि बारीक मासळी धरतात, देवधान (तलावात आपोआप उगवणारा रानभात) गोळा करतात, आठवडी बाजारात विकतात. पाणी आटताना काठ आधी आटतो. सोसायटीचं नुकसान मार्चमध्ये झालं, त्यांचं डिसेंबरातच झालं होतं.

दुसरं वाक्य

पुन्हा कायद्याकडे. कलम १६५ चं दार बंद. सहमार्गदर्शकांनी त्या जुन्या नोंदीच्या दुसऱ्या वाक्यावर पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, मातीचं काय? पहिलं वाक्य हक्काचं, म्हणून मी त्याच्यावर झडप घातली होती. दुसरं कामाचं, ते वाचून सोडून दिलं होतं. गावानेही तेच केलं होतं म्हणा. १९५१ नंतर तलाव सरकारचा, मग गाळ सरकारने काढावा. वर पाणीपट्टीही द्यायची तर आपण घमेलं का उचलायचं? यात चूक म्हणवत नाही.

त्याच संहितेत, चार कलमं आधी, निस्तार पत्रक आहे. कलम १६१ पासून पुढे. गावातल्या भोगवट्यात नसलेल्या जमिनीच्या व्यवस्थेची योजना जिल्हाधिकाऱ्यांनी करायची, गावकऱ्यांचं म्हणणं ऐकून. त्यात काय काय येऊ शकतं याच्या यादीत गुरचराई आहे, सरपण आहे, आणि मुरूम, वाळू, माती, चिकणमाती काढण्याच्या अटी आहेत. पत्रकातली नोंद बदलण्याची मागणी ग्रामपंचायतीला करता येते. तलावाचा तळ भोगवट्यात नसलेली शासकीय जमीन आहे, असा युक्तिवाद उभा राहतो. त्याला विरोध होऊ शकतो, समितीत झालाही. पण उभा राहतो. पाण्याच्या वाक्याला कायद्यात जागा सापडली नाही, मातीच्या वाक्याला सापडली. आणि माती निघाली तर गोट्याखाली पाणी आपोआप येतं.

त्या गावात गाळ काढायचं काम अगदीच झालं नव्हतं असं नाही. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून आहे, तिच्यात एका उन्हाळ्यात जेसीबी आला होता. पण ट्रॅक्टर जिथे सहज उतरतो तिथला, म्हणजे वरच्या अंगाचा, गाळ निघाला. तुडुंबापुढचा तसाच राहिला. वर काठाची पाणवनस्पती खरवडली गेली आणि मोकळ्या जागेत बेशरमाचं तण माजलं. जुन्या नोंदीतला ‘तुडुंबापुढची’ हा एक शब्द योजनेच्या अंदाजपत्रकात असता तर तेच डिझेल कामी आलं असतं.

कागद कोणाचा

इथे माझी दुसरी चूक. वाजिब-उल-अर्जाची बातमी गावात पसरली. सरपंच आणि सोसायटीचे अध्यक्ष, दोघांनीही तिला वेगवेगळं गाठून प्रत मागितली. सरपंचाला वाटलं त्यात पाणी शेतकऱ्यांचं लिहिलं असेल. अध्यक्षांना वाटलं मासे ढिवरांचे. मी तिला सांगितलं, प्रबंध सादर होईपर्यंत कोणालाही देऊ नका. कारण दिलं, संशोधकाने तंट्यात पक्ष घेऊ नये. खरं कारण, नवा दस्तऐवज आमच्या हातून आधी प्रसिद्ध व्हावा. संशोधन व प्रकाशन नीतीचा पेपर मीच शिकवतो.

तिने नकार दिला, पण आवाज न चढवता. म्हणाली, “सर, तो त्यांच्या गावाचा कागद आहे. शुल्क भरून कोणालाही नक्कल मिळते. मला फक्त बस्ता कुठे आहे ते आधी कळलं.” एकालाच देणंही तिला पटेना. तिने नक्कल ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचायचं ठरवलं, आधी दोन्ही वाक्यं, मग बांबूचे आकडे. ढिवरटोलीतल्या बायकांना बसायला जागा राहील हे पाहायचं, एवढी एकच विनंती तिने सरपंचांना केली.

मी त्या सभेला मागे बसलो होतो. पहिलं वाक्य वाचल्यावर ढिवरांकडून टाळ्या. दुसरं वाचल्यावर शांतता, मग एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने कबूल केलं की त्याचा आजा बैलगाडीने माती काढायचा, ‘तलावाची गाडी’ म्हणत तिला. मोटारवाले दोघे-तिघे उठून गेले. खुंट्याची गोष्ट डोंगावाल्याने उभं राहून सांगितली तेव्हा लोक हसले, मोकळं हसले. पाटलाच्या पानाचा उल्लेख त्याने दोनदा केला.

ठराव झाला तो असा : तुडुंबापुढचा गाळ निघेपर्यंत गोट्याच्या दोन हात वर पाणी असतानाच तुडुंब बंद करायचं, गेटचं हँडल दोन कुलपांच्या पेटीत, एक किल्ली पाणकराकडे, एक सोसायटीकडे, उन्हाळ्यात तुडुंबापुढची माती काढायची, कुठून किती हे ढिवरांनी दाखवायचं, ट्रॅक्टर पाणी घेणाऱ्यांनी लावायचे, निस्तार पत्रकात मातीची नोंद घेण्यासाठी ग्रामपंचायतीने अर्ज करायचा. दोन हातांवर बराच वेळ घासाघीस चालली. शेतकरी एकावर अडले होते, सोसायटी तिनावर.

तलाव ज्यांच्याकडे आहे त्या कार्यालयाने ठरावाची पोच दिली आणि खाली लिहिलं की तुडुंबाचं परिचालन विभागाच्या सूचनेनुसारच करावं. सूचना मात्र सोबत जोडलेली नव्हती. हे पत्रही त्या फोल्डरमध्ये गेलं.

समिती

पुढच्या सादरीकरणात बाहेरून आलेल्या, कायद्याच्या सदस्यांनी विचारलं, यात कायदा कुठे आहे? विज्ञानशाखेच्या सदस्यांनी विचारलं, एका तलावावरून निष्कर्ष कसा काढता? दोन्ही प्रश्न रास्त होते. दुसऱ्यासाठी तिने आणखी चार तलाव घेतले. त्यांतल्या दोन तलावांत खुणेचा दगड सापडला, एकात लोकांना त्याचा अर्थ माहीत नव्हता. पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी उठलो आणि कलम १६५ च्या त्याच ओळीपासून सुरुवात केली. वीस मिनिटं बोललो. तिने नंतर सांगितलं की तिला दोनच मिनिटं लागली असती.

विषय बदलला. आता त्याचं नाव आहे ‘माजी मालगुजारी तलावांतील पाण्याच्या पातळीविषयीच्या वहिवाटी : नोंद, रचना आणि गाळ’. कायद्याच्या प्रबंधाच्या शीर्षकात गाळ हा शब्द चालेल का, यावर पत्रव्यवहार झाला. चालला.

निस्तार पत्रकाचा अर्ज चौकशीवर आहे. पहिल्या उन्हाळ्यात ट्रॅक्टर लागले, पण ठरले होते त्याच्या निम्मेच. मोटारवाल्यांपैकी एकानेच पाठवला. तुडुंबापुढचा खड्डा कंबरेचा छातीभर झाला. पेटीची दोन कुलपं पहिल्या पावसात गंजली, एक किल्ली आतच तुटली. त्या ऑक्टोबरात पाणकर आणि सोसायटीचा माणूस दोघं मिळून हातोडीने पेटी फोडत होते, असा फोटो तिने पाठवला. तुडुंबाच्या भिंतीवर तोवर कोणीतरी बांबूसारखेच पांढरे पट्टे ओढले होते, हातहात अंतरावर, खालून एक ते सात. फोटोत पाणी चौथ्या पट्ट्याला होतं. गोटा दिसत नव्हता.